राज्याच्या विधेयकावर शहराच्या समितीने घेतलेल्या भूमिकेला कितपत वजन असते?

खाडीकाठचा रहिवासी:
सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला असलेल्या एका शहरात आम्ही राहतो. येथील नगर परिषदेची विधिविषयक समिती राज्याच्या प्रस्तावित कायद्यांवर शहराची भूमिका ठरवते. पुढील सभेच्या कार्यसूचीत प्रत्येक विधेयकापुढे ‘पाठिंबा’, ‘विरोध’, ‘दुरुस्ती न झाल्यास विरोध’ किंवा ‘लक्ष ठेवावे’ अशी प्रशासनाची शिफारस छापलेली आहे. घरबांधणीच्या एका विधेयकाला विरोध करण्याची शिफारस मला मुळीच पटलेली नाही. परंतु कायदा करण्याचा अधिकार सॅक्रामेंटोचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचा, असताना या ठरावाला तेथे कोण विचारतो? सभेत जाऊन बोलावे, की सरळ आपल्या आमदारांना लिहावे?

सरळमार्गी:
हा ठराव विधिमंडळावर बंधनकारक नसतो. ठरावानंतर महापौरांच्या सहीचे पत्र विधेयकाच्या प्रवर्तकाकडे, म्हणजे ते मांडणाऱ्या आमदाराकडे, आणि संबंधित विधिमंडळ समितीकडे जाते, आणि त्या समितीच्या टिपणाच्या शेवटी समर्थक व विरोधकांची जी यादी असते, तिच्यात शहराचे नाव येते. एवढ्यावरच थांबले तर त्याची किंमत एका ओळीची. पण ‘दुरुस्ती न झाल्यास विरोध’ ही भूमिका मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण सरसकट विरोध करणाऱ्या शहराशी बोलण्यासारखे प्रवर्तकाकडे काही उरत नाही, तर अट घालणाऱ्या शहराला कोणते कलम बदलायचे हे विचारता येते. म्हणून सभेत जाच, आणि विधेयक चांगले की वाईट यावर भाषण न करता नेमके कलम आणि सुचवलेला बदल लेखी द्या.

आणखी एक गोष्ट तपासा. विधेयकाच्या मसुद्यावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. प्रशासनाचे टिपण फेब्रुवारीच्या मसुद्यावर आणि विधेयक एप्रिलमध्ये बदललेले, असे सर्रास घडते. तसे दिसले तर सर्वांत आधी तेच सांगा. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची कार्यसूची किमान ७२ तास आधी लावावी लागते आणि नागरिकांना बोलू द्यावे लागते, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो, फार नसला तरी.

दक्षिणेकडून:
लॉस एंजेलिसचे उदाहरण लक्षात घ्यावे. स्थानकांजवळ उंच निवासी इमारतींना मुभा देणाऱ्या सेनेट विधेयक ७९ ला तेथील नगर परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८ विरुद्ध ५ मतांनी विरोध केला, तरीही राज्यपाल न्यूसम यांनी १० ऑक्टोबर रोजी त्यावर सही केली. शहरांना स्वतःचा पर्यायी आराखडा करण्याची तरतूद अंतिम कायद्यात आहे; मात्र तिचे श्रेय कोणा एका शहराच्या ठरावाला देता येणार नाही. माझ्या मते आमदार नुसता ठराव वाचत नाहीत, मतविभागणीही वाचतात, आणि पाच सदस्य विरुद्ध गेलेल्या ठरावाचा धाक एकमताने झालेल्या ठरावाएवढा नसतो. तुमच्या समितीतील एका सदस्याने जरी भिन्न मत नोंदवले, तरी ते वाया गेले असे समजू नये.

पूर्व किनारा:
सर्वच राज्यांत शहराचा शब्द इतका हलका नसतो. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदानुसार, एखाद्याच शहराच्या मालमत्तेला, कारभाराला किंवा शासनाला लागू होणारा विशेष कायदा करायचा तर साधारणतः त्या शहराची विनंती लागते : नगर परिषदेच्या दोनतृतीयांश सदस्यांची, किंवा बहुमतासह महापौरांची. तेथे परिषदेने होकार दिला नाही की विधेयक अडते. आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम विधिमंडळ दुरुस्त करते, आणि त्यासाठी पालिकेच्या ठरावाची अट नाही. मग कॅलिफोर्नियातील निदान सल्ल्यापुरता असलेला मान मला कमी वाटत नाही.

खाडीकाठचा रहिवासी:
सर्वांचे आभार. मसुद्याची तारीख पाहिली; टिपण जुन्याच मसुद्यावर आहे. समितीने तरीही विरोधच ठरवला तर पुढे काय?

सरळमार्गी:
तर आपल्या नावाने विधिमंडळ समितीला स्वतंत्र पत्र द्या. शहराची भूमिका रहिवाशाला बांधत नाही. आणि वर्षाच्या सुरुवातीच्या सुमारास शहर आपला विधिविषयक धोरणमसुदा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या विधेयकांना पाठिंबा वा विरोध करायचा याचे धोरण, मंजूर करते का, हे पाहा. बऱ्याच ठिकाणी त्या धोरणात बसणाऱ्या विधेयकांवर प्रशासन समितीकडे न येताच पत्र पाठवू शकते. ‘बांधकाम परवानगीवरील स्थानिक अधिकार कमी करणाऱ्या प्रत्येक विधेयकाला विरोध’ असे एक वाक्य त्यात असेल, तर तुम्हाला न पटलेली शिफारस तेथूनच आलेली असणार, आणि ते वाक्य बदलायचे तर मंजुरीच्या त्या सभेलाच हजर राहावे लागेल.