ब्रिटिश मालिका बघायच्या तर आधी वाड्यातून बाहेर पडा

पाऊसपाणी

माझी मावसबहीण परवा विचारत होती, "ताई, इंग्लंडच्या मालिका बघायच्या तर सुरुवात कशापासून करू? जो तो 'द क्राउन' नाहीतर 'डाउंटन ॲबी' सांगतो." तिला जे सांगितलं तेच इथे मांडते: राणी, उमराव, वाडे सगळं मागे ठेव आणि 'हॅपी व्हॅली' लाव.

यॉर्कशरमधलं कॅल्डर खोरं. एके काळी कापडगिरण्यांवर जगणारी गावं, दगडी घरांच्या रांगा, आणि आता गल्लोगल्ली अमली पदार्थ. तिथल्या पोलिसांनीच खोऱ्याला 'हॅपी व्हॅली' हे नाव पाडलं, तेच मालिकेला दिलंय. कॅथरीन केवुड ही सार्जंट, वय सत्तेचाळीस. सुरुवातीलाच प्रेमभंग झालेला एक पोरगा खेळाच्या मैदानात स्वतःला पेटवून घ्यायच्या बेतात असतो. कॅथरीन काळा चष्मा लावून, आग विझवायचं नळकांडं हाताशी घेऊन त्याच्यापुढे उभी राहते. त्याला बोलतं ठेवायचं म्हणून स्वतःविषयी सांगते: घटस्फोट झालाय, बहिणीबरोबर राहते, बहीण हेरॉइनमधून बाहेर येतेय, दोन मुलं, त्यातलं एक गेलं, दुसरं बोलत नाही, आणि एक नातू आहे. एवढ्या चार वाक्यांत तिचं घर आपल्याला कळतं, आणि पुढचे सगळे भाग त्याच चार वाक्यांतून निघतात.

तीन पर्व, २०१४, २०१६ आणि २०२३. प्रत्येकी सहा भाग, म्हणजे एकूण अठरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात सात वर्षांचं अंतर पडलं, कारण लेखिका सॅली वेनराइटला नातवाचं काम करणारा मुलगा खरोखरच मोठा व्हायला हवा होता. दुसरा मुलगा घेऊन काम भागवता आलं असतं. ती थांबली. मला ब्रिटिश मालिकांचं मोठेपण यात दिसतं. गोष्ट संपली की मालिका संपते, आणि गोष्ट तयार नसेल तर लोक वाट बघतात.

साध्या पगारदार माणसांच्या मालिका ते जगात सर्वांत चांगल्या करतात असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

दक्षिणदरवाजा

'हॅपी व्हॅली' उत्तमच, पण "वाडे मागे ठेवा" हे अजिबात मान्य नाही. 'डाउंटन' वरच्या मजल्यावर जेवढी आहे तेवढीच तळघरातल्या स्वयंपाकघरातही आहे. पहिल्या पर्वातली मिसेस पॅटमोर आठवा. स्वयंपाकीणबाईची नजर जात चाललीय आणि नोकरी जाईल या भीतीने ती कोणाला सांगत नाही. एके रात्री पाहुण्यांच्या गोडावर ती साखर समजून मीठ घालते. वर दिवाणखान्यात पहिला घास तोंडात जातो आणि खाली तिचं जग कोसळतं. वर्गभेद म्हणजे काय हे मला त्या प्रसंगात जेवढं कळलं तेवढं कुठल्याही पोलिसी मालिकेत कळलं नाही.

आणि वाड्यांमध्ये 'वुल्फ हॉल' (२०१५) पण येते बरं का. लोहाराचा मुलगा थॉमस क्रॉमवेल आठव्या हेन्रीच्या दरबारात किती वर चढतो, त्याची गोष्ट. मार्क रायलन्स जवळजवळ काहीच बोलत नाही, नुसता बघतो. रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केलेत. तिचंही पहिलं पर्व सहाच भागांचं. ही मागे का ठेवायची?

पाऊसपाणी

'वुल्फ हॉल' मान्य, तिला मी वाड्यांच्या यादीतून काढते.

पण मिसेस पॅटमोरचं पुढे काय होतं? मालकच तिला लंडनला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवतो. माझी हरकत नेमकी तिथेच आहे. 'डाउंटन'मध्ये प्रत्येक अन्यायाला शेवटी चांगला मालक भेटतो. कॅथरीनला कोणी मालक येऊन सोडवत नाही. ती सकाळी उठते, गणवेश चढवते आणि ज्या खोऱ्यात तिची मुलगी गेली त्याच खोऱ्यात पुन्हा गस्त घालते.

लीड्सकर

मी अकरा वर्षं इकडे आहे, म्हणून दोन शब्द.

एक, सबटायटल चालू ठेवा, त्यात कमीपणा नाही. यॉर्कशरच्या बोलीत 'द' (the) हा शब्द जवळजवळ गिळतात. ऑफिसात पहिले सहा महिने मीही नुसती मान डोलवायचो. मालिकेतली भाषा अस्सल आहे, कारण वेनराइट त्याच खोऱ्यात, सोअर्बी ब्रिजला वाढली.

दोन, मालिका बघून खोऱ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. हेब्डन ब्रिजला आम्ही शनिवारी कालव्याच्या काठाने चालायला जातो. सुरेख गाव आहे, माणसं आपुलकीची आहेत. वेनराइटबाईंनी खोऱ्याचं वर्णन केलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे. दुसरा अर्धा भाग याच लेखिकेच्या 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स'मध्ये (२०१२) सापडेल. सत्तरी ओलांडलेले दोघे, दोघांचेही जोडीदार गेलेले, शाळेत असताना एकमेकांवर जीव होता. फेसबुकवर पुन्हा भेटतात आणि लग्न करायचं ठरवतात. खरा गोंधळ त्यांच्या मुलींच्या घरात उडतो. डेरेक जेकबी आणि ॲन रीड. 'हॅपी व्हॅली'ची सेरा लँकशर यातही आहे, आणि ती हीच बाई का असं वाटावं इतकी वेगळी. आई इकडे आली होती तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बघितली. ती एकटी असते. तिसऱ्या भागानंतर तिने माझा हात धरून ठेवला होता.

सुईदोरा

मुद्दा पटत नाही तो "थोडक्यात संपतं म्हणून मोठं" हा. 'कॉल द मिडवाइफ' २०१२ पासून चालू आहे आणि तिची ताकदच तिच्या लांबीत आहे.

माझी आई प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. रात्री-अपरात्री कंदील घेऊन वाडीवर बाळंतपणाला जायची. म्हणून लंडनच्या पॉपलरमधल्या, सायकलवरून बाळंतपणांना जाणाऱ्या त्या सुइणी मला परक्या वाटल्याच नाहीत. गोष्ट १९५७ च्या सुमाराला सुरू होते. गोदीकामगारांची वस्ती, एका खोलीत आठ माणसं, आणि सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झालेली.

यातला डॉक्टर टर्नर पहिल्या पर्वापासून आहे. भला माणूस, कामात बुडालेला. गरोदरपणातल्या मळमळीवर तो विश्वासाने एक नवी गोळी लिहून देतो. पुढे हातपाय नीट न वाढलेली बाळं जन्माला यायला लागतात. ती गोळी म्हणजे थॅलिडोमाइड. आपणच ती दिली हे त्याला कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. सहा भागांच्या मालिकेत हाच डॉक्टर आला असता तर मला वाईट वाटलं असतं. इथे मी त्याला कित्येक वर्षं ओळखत होते, मला आमच्याच घरात काहीतरी झाल्यासारखं वाटलं. लांबी वाया घालवली तर ती पाणी घातलेली आमटी होते, खरंय. पण प्रत्येक लांब गोष्ट तशी नसते.

जुनी चावडी

सगळे नव्या मालिकांवर बोलताहेत. १९८४ ची 'द ज्युएल इन द क्राउन' कोणी बघितलीय का? चौदा भाग. काळ १९४२ चा, चले जावचा, मयापूर नावाचं काल्पनिक गाव. हरी कुमार इंग्लंडच्या उंची शाळेत वाढलेला, हिंदी येत नाही. गोऱ्यांना त्याची कातडी दिसते, आपल्यांना त्याचं इंग्रजी ऐकू येतं, आणि तो दोन्हीकडून हद्दपार. मेरिक हा पोलीस अधिकारी त्याच्या वाटेला कसा जातो ते बघताना मुठी आवळल्या जातात. साम्राज्य माणसाच्या मनात कसं बसतं हे इंग्रजांनी स्वतःबद्दल इतक्या कठोरपणे क्वचितच दाखवलंय.

पोस्टपेटी

जुनी चावडी, तुम्हाला मान देऊन विरोध करतो. मालिका कठोर आहे, पण दुःख बहुतेक गोऱ्यांचंच आहे. गवालिया टँकवर माणसं जमली होती ती कोण होती, घरी काय सोडून आली होती, हे त्यात जवळजवळ नाही. सलमान रश्दींनीही त्याच वर्षी तिच्यावर साधारण याच अंगाने कोरडे ओढले होते. हरी कुमार सोडला तर आपण त्यात पार्श्वभूमीच आहोत.

माझी शिफारस 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'. जानेवारी २०२४, लागोपाठ चार रात्री. वडील टपाल खात्यात होते, दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय घरी यायचे नाहीत. त्यामुळे मला ती बघताना श्वास घेणं जड गेलं.

इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांतली टपाल कार्यालयं कंत्राटावर चालवणारे लोक असतात, पुष्कळदा वाण्याच्या दुकानातच. त्यांत आपल्याकडून गेलेलेही खूप. त्यांना होरायझन नावाची संगणकप्रणाली दिली गेली आणि तिच्यात पैसे कमी दिसायला लागले. त्यांच्यातल्याच जो हॅमिल्टन या बाईचा प्रसंग बघा. रात्र, दुकान बंद, ती मदत केंद्राला फोन करते. पलीकडून सांगतात तशी एकेक कळ दाबते आणि डोळ्यांसमोर तूट दुप्पट होते. करार असा की तूट पदरची भरायची. प्रत्येकाला सांगितलं जायचं की ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोक गुन्हेगार ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला.

मालिका लागली, देश हलला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या शिक्षा रद्द करणारा कायदा संसदेत झाला. कुठली मालिका याहून जास्त करेल?

दक्षिणदरवाजा

कायदा झाला याचा मलाही आनंद आहे. पण मालिका म्हणून बघा. अधिकारी सगळे एका साच्यातले, सामान्य माणसं सगळी सज्जन. मेरिकसारखा आतून उलगडणारा एकही माणूस त्यात नाही. परिणाम मोठा म्हणून कलाकृती मोठी होत नाही. शिवाय वार्ताहरांनी हे २००९ पासून छापलेलं होतं.

पोस्टपेटी

२००९ पासून छापलेलं होतं, २०१९ मध्ये न्यायालयातही हे टपालवाले जिंकले होते, तरी बहुतेकांची नावं कलंकितच होती. माहिती होती, पण तिला चेहरा नव्हता. टोबी जोन्सने या लोकांचा लढा चालवणारा बेट्स केलाय, तो एकदाही भाषण ठोकत नाही. टेकडीवर चालतो, कागद जपून ठेवतो, वीस वर्षं. तो हट्ट अंगात मुरवून दाखवणं ही कलाच आहे.

शाळासोबती

मी आठवी-नववीला शिकवते. 'ॲडोलेसन्स' (२०२५) चं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग चित्रणात. तेरा वर्षांच्या मुलाला सकाळी पोलीस घरातून उचलतात. तिसरा भाग जवळजवळ पूर्ण एका खोलीत: तो आणि मानसतज्ज्ञ बाई. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते. पोरगा हसतो, लाडात येतो, मग एकदम उसळतो, आणि त्या क्षणी आपणही खुर्चीत मागे सरकतो. इंग्लंडमध्ये ती शाळांना मोफत उपलब्ध करून दिली. मला ते चुकीचं वाटतं. मुलांना वर्गात बसवून दाखवण्याआधी आईबापांनी बघावी, एकत्र, फोन बाजूला ठेवून. माझ्या वर्गातल्या मुलांच्या फोनमध्ये काय चाललंय हे त्यांच्या घरी कोणालाच माहीत नसतं.

लीड्सकर

इथे थोडं वेगळं मत. माझ्या मुलीने शाळेत बघितली आणि घरी येऊन तिनेच आम्हाला बघायला बसवलं. आम्ही आपण होऊन कधीच लावली नसती.

पाऊसपाणी

सुईदोरा, तुमच्या आईंच्या कंदिलाने माझा लांबीबद्दलचा हेका मोडला. 'मिडवाइफ' पहिल्यापासून सुरू करते. दक्षिणदरवाजा, चांगल्या मालकाबद्दलचं मत मात्र मी बदलत नाही.

बहिणीने ऐकलं माझं. काल 'हॅपी व्हॅली'चा चौथा भाग संपवून रात्री साडेअकराला फोन केला. ज्यांनी बघितलाय त्यांना का ते कळेल. तिला एवढंच हवं होतं की कॅथरीन वाचते का ते सांग. मी नाही सांगितलं. ती म्हणाली, "मग ठेव फोन, पाचवा लावते."