मदत हवी आहे: घर आणि तलावकाठ एकाच पोर्टफोलिओत कसे मांडू?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते, आर्किटेक्ट म्हणून चौथं वर्ष. हाताशी कळव्यातलं दुमजली घर, एक बालवाडी आणि मासुंदा तलावकाठाचा अभ्यास आहे. तलावपाळीवर महिनाभर बसून कट्ट्यावर कोण कुठे टेकतं, उन्हं कलली की भेळवाला गाडी कुठे सरकवतो, सगळं रेखाटलंय. माझ्या मते माझं सर्वात प्रामाणिक काम तेच, पण ज्येष्ठ म्हणतात, आधी बांधलेलं दाखव.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सात-सात घरं एकेका अंगणाभोवती बसवली. तिथे घर आणि वस्ती वेगळी काढताच येत नाहीत. मलाही तसंच सलग मांडायचंय. कुणी केलंय का असं? सुरुवात कशाने केलीत, घराने की वस्तीने? आणि पानं किती ठेवलीत?