रटगर्सचं गणित आता लागू होत नाही
अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सच्या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की शहर मोठं म्हणजे तिथल्या कॉलेज टीमची टीव्ही व्हॅल्यू मोठी. 2014 ला ते खरं होतं, न्यूयॉर्कजवळच्या रटगर्स युनिव्हर्सिटीला बिग टेनने (कॉलेज टीम्सची लीग) घेतलं ते न्यूयॉर्कच्या केबलवाल्या घरांसाठी, मॅच बघा नाहीतर बघू नका, बिग टेन नेटवर्क या लीगच्या चॅनेलचे पैसे बिलात लागायचेच. आता लोक केबल सोडतायत, त्यामुळे बघणारे किती तेच मोजायचं, आणि तेही समोरची टीम, चॅनेल, वेळ बघूनच.

पण टीव्ही कराराचा मुद्दा कुणी काढलाच नाही. एसीसी या दुसऱ्या लीगच्या करारात नवीन मेंबर कॉलेज आलं की ईएसपीएन चॅनेलला त्याचा पूर्ण वाटा द्यावाच लागतो, म्हणून तर डॅलसची एसएमयू युनिव्हर्सिटी 9 वर्षं टीव्हीचा पैसा न घेता आत आली, स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, बर्कली) सुरुवातीला वाट्याच्या 30 टक्क्यांवर तयार झाले, आणि उरलेली रक्कम जुन्या मेंबरांकडे गेली.