पावसाचा वास देणारे बॅक्टेरिया

काही जण म्हणतात की कलाकार जीन्सच्या, म्हणजे जनुकांच्या, भानगडीत पडले की लोक नुसते घाबरतात, २००० साली एका कलाकाराने पुढे आणलेल्या, जीन बदललेल्या हिरव्या चमकणाऱ्या सशाला घाबरले तसे. सशाचं पटतं, पण सगळंच तसं नाहीये. २००९ला बंगळुरूच्या सृष्टी या कॉलेजची मुलं आयजेममध्ये, म्हणजे जीन बदलून जीवांकडून नवी कामं करून घ्यायच्या विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत उतरली होती, सायन्सची नाही, आर्ट-डिझाईनची, आणि त्यांचा प्रोजेक्ट काय तर ई. कोलाय बॅक्टेरियाकडून जिओस्मिन बनवून घ्यायचं, म्हणजे पहिल्या पावसात मातीतून जो वास येतो ना, त्यातला मुख्य घटक. मातीत हे काम स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जंतू करतात आणि आपल्या नाकाला तो वास अगदी कणभरही पुरतो.

असला वास नाकाशी आला की माणूस आपणहून विचारतो, जीन कुठून आणला, सांडलं तर काय होईल. मला हे प्रश्न फार मोलाचे वाटतात.