जमिनीचा भाव समीकरणात मावतो का?

मुलुंडकर:
रेडी रेकनरचे दर (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर) विभागवार सरसकट न लावता समाश्रयणाने, म्हणजे झालेल्या व्यवहारांच्या आकड्यांवर समीकरण बसवून, ठरवावेत, असे माझे मत आहे. शेर्विन रोझेन यांनी १९७४ साली मांडलेल्या हेडोनिक पद्धतीत मालमत्तेची किंमत तिच्या एकेका गुणात वाटून पाहता येते: स्टेशनपासूनचे अंतर, रस्त्याची रुंदी, एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), शेजारी नाला आहे की उद्यान. भावाचा लॉग (लॉगॅरिदम) घेतला की सहगुणक, म्हणजे समीकरणातले एकेका गुणाचे वजन, साधारण टक्क्यांत वाचता येतात आणि रुळांलगतची गल्ली व आतली शांत गल्ली एकाच दरात कोंबली जात नाही.

पार्लेकर:
समीकरणाच्या डाव्या बाजूला लिहिणार काय? दस्तातलाच भाव ना? रेकनरच्या फार खाली विक्री दाखवली तर प्राप्तिकर रेकनरच्या दरानेच मोजला जातो, म्हणून दस्तातला आकडा त्या दराला धरून राहण्याकडे कल असतो. मग प्रतिमान, म्हणजे तुमचे समीकरण, बाजार शिकत नाही, सरकारचा जुना तक्ताच घोकते. शिवाय आमची सोसायटी विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात, येते. कागदावर एफएसआय भरपूर आहे, पण उंचीच्या मर्यादेमुळे तो वापरता येत नाही, आणि दोन विकासक चहा पिऊन, नकाशा पाहून परत गेले.

मुलुंडकर:
उंचीची मर्यादा हाही समीकरणातला एक चल होऊ शकतो. दस्तावर विश्वास नसेल तर नव्या फ्लॅटच्या विक्रीभावातून बांधकामखर्च, प्रीमियम (जादा बांधकामासारख्या परवानग्यांसाठी भरायची रक्कम) आणि विकासकाचा नफा वजा करावा. उरते ती जमीन.

गिरगावची सून:
नफा किती धरायचा, यावरच सगळे हलते. मला वेगळीच शंका आहे. मेट्रो २ए आणि ७ जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण सुरू झाल्या, पण भाव घोषणेपासूनच हलू लागतात. आणि मार्ग मुळातच वर्दळीच्या भागातून आखला जातो, त्यामुळे मेट्रोचा सहगुणक फुगलेला निघू शकतो. अवशेष, म्हणजे खरा भाव आणि समीकरणाने काढलेला भाव यांतला फरक, नकाशावर रंगवून पाहा. शेजारचे भूखंड एकाच बाजूला चुकत असतील, तर काहीतरी सुटले आहे. आमच्याकडे ते पागडीचे (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने राहणारे) भाडेकरू असतात: समान अंतर, समान रस्ता, पण एका भूखंडावर चाळीस बिऱ्हाडांची चाळ.

पार्लेकर:
हे मात्र पटले. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या भाडेकरूंच्या याद्या म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे, दस्त मुद्रांक विभागाकडे. भूखंडाच्या सीएस (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांकाने त्या जोडल्या, तर मुलुंडकरांचे प्रतिमान दक्षिण मुंबईपुरते तरी तपासून पाहायला माझी हरकत नाही. कर मात्र त्यावर लावू नये.