हापूसच्या कणीवर पुन्हा मोहोर येतो, गळ कशी थांबवायची?

कातळबाग (प्रश्न)
कलमं २०-२५ वर्षांची, विस्ताराचा व्यास ८ मीटर. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की आधी पालवी फुटते, मोहोर डिसेंबरअखेरीस. मग जानेवारीत थंडी वाढली की कणी (नुकती धरलेली बारीक फळं) असलेल्या फांदीवरच नवा मोहोर, आणि कणी गळते. कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर लवकर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल) वाढवून मोहोर आधी आणावा का? जिबरेलिक आम्ल (नवा मोहोर अडवणारं संजीवक) कधी मारायचं?

हिरवी पालवी
कल्टार वाढवू नका दादा. त्याने मोहोर लवकर येईल, पण तोच नोव्हेंबरच्या पावसात सापडून करपा या बुरशीरोगाने काळा पडेल. मात्रा झाडाच्या वयावर काढतात, ती चूक. दर मीटर व्यासाला ३ मिली, म्हणजे तुमच्या कलमाला २४ मिली. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर १०-१२ सेंमी खोल २५-३० भोकं पाडून ओतायचं. आधी गवत काढा. अशक्त कलमांना देऊच नका.

पुनर्मोहोरात झाडाचं अन्न नव्या फुलोऱ्याकडे वळतं आणि कणी उपाशी पडते. त्यासाठी जिबरेलिक ५० पीपीएम, म्हणजे २० लिटरला १ ग्रॅम. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळ्या राहतात. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग टाकीत ओता. पहिली फवारणी पुरेसा मोहोर फुलल्यावर, दुसरी फळ वाटाण्याएवढं असताना. मोहोर पुरेसा येण्याआधी मारलंत तर हवा असलेला मोहोरही अडतो. नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. तारीख धरू नका, झाडाची अवस्था बघा.

सड्यावरचा
मोहोरावर पाऊस पडलाच तर फांद्या हलवून पाणी झाडा आणि उघडीप मिळताच कार्बेन्डाझिम १२ टक्के + मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र बुरशीनाशक फवारा, १० लिटरला १० ग्रॅम.

कातळबाग
आणि मार्चच्या उष्म्यात जी गळ होते, तिचं काय?

हिरवी पालवी
फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. पाणी मिळत असेल तर त्याच काळात दर १५ दिवसांनी कलमाला १५०-२०० लिटर, बुंध्यापाशी न ओतता विस्ताराच्या कडेला आळं करून. वर सुक्या गवताचं आच्छादन घाला, कातळाची धग फळाला लागत नाही आणि साकाही (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) कमी होतो. काढणीआधी महिनाभर पाणी बंद.

सड्यावरचा
अंड्याएवढ्या फळाला २५ x २० सेंमीची कागदी पिशवीही घाला, उन्हाचा चटका आणि फळमाशी दोन्ही टळतात. फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळपास पूर्ण तयार) झालं की सकाळी दहाच्या आत देठासकट उतरवा. जमीन तापायला लागल्यावर उतरवलेल्या फळात साक्याचं प्रमाण वाढतं.