बाल न्याय मंडळातली रेंगाळलेली प्रकरणं: माहिती अधिकारात मागायचं काय आणि कुणाकडं?

शाहूपुरीकर: कोल्हापुरात आम्ही काही जण विधी संघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, १८ वर्षांखालच्या) मुलांसाठी काम सुरू करतोय. चौकशा किती लांबतात ते आधी कागदावर यायला हवं. अर्ज कुठं, कोणत्या शब्दांत करायचा? की सरळ कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यावा?

बावड्याचा वकील: मुलांची यादी अजिबात मागू नका. ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १६ प्रमाणं मंडळानं प्रलंबित प्रकरणांची माहिती दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. म्हणजे कागद कलेक्टर कचेरीत असायलाच हवा. अर्ज तिथंच टाका: “अमुक ते अमुक काळातील कलम १६ खालील तिमाही माहितीच्या प्रती.” एवढंच. ‘किती, का, कुणामुळं’ विचारलंत की ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ हे उत्तर ठरलेलं. एक अर्ज, एक विषय, १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘प्रती उपलब्ध नाहीत’ असं लेखी आलं तर उत्तमच, निवेदनाला तेच जोडा.

पंचगंगा_घाट: दादा, आकडे आल्यावर सगळे एकत्र मोजू नका. चौकशी पुरी करायला कायद्यानं दिलेले चार महिने धरायचे ते मूल मंडळापुढं पहिल्यांदा हजर झाल्यापासून, गुन्ह्याच्या तारखेपासून नव्हे. कारणं नोंदवून आणखी दोन महिने मिळतात. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही चौकशी अपुरी असेल तर कारवाई बंद व्हायला हवी. बहुतेक निवेदनांत हा मुद्दाच नसतो! किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांचा हिशेब वेगळा, तिथं आणखी मुदत मिळू शकते.

शाहूपुरीकर: आणि मोर्चा?

बावड्याचा वकील: काढा की, पण प्रती हातात आल्यावर. मुलं, पालक फलकामागं नकोत. एक फोटो व्हायरल झाला की कलम ७४ तुमच्यावरच. उच्च न्यायालयात जायचंच झालं तर ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथंच आहे, मुंबईची फेरी वाचली.

राजारामपुरी९: पोलीस ठाण्यांचा अर्ज वेगळा, एसपी ऑफिसला. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी लागतो. ठाणेनिहाय नेमणूक आदेशाची प्रत मागा.